हॅशपॉइंट कुणाच्या वावरात पडतो? जिओहॅशिंग सुरू करणाऱ्यांसाठी

शुक्रवारी रात्री न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला की शनिवारी मी कुठं जाणार ते ठरतं. कधी माळशिरसच्या माळावर, कधी भीमेच्या पात्राशेजारी, कधी कुणाच्या अंजिराच्या बागेत. या छंदाचं नाव जिओहॅशिंग, आणि सूत्रानं रोज निघणारी ती जागा म्हणजे हॅशपॉइंट. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, निवृत्तीनंतर सासवडलाच राहिले. नोकरीत मोजणीचा अर्ज नेईल तिथं जायचं, आता आकडा नेईल तिथं जाते. चालणं तेवढंच, उन्हही तेच. फक्त आता बांधावर दोन भाऊ भांडत उभे नसतात.

बरेच जण मला विचारतात, सुरुवात कशी करायची. यंत्र आणि ॲप यांबद्दल सांगायला फार वेळ लागत नाही. खरं शिकायचं ते वेगळं आहे. आकडा कुणाच्या मालकीचा नसतो, पण तो जिथं पडतो ती जमीन कुणाची तरी असतेच. तिथल्या माणसाशी नीट बोलता आलं तर हा छंद तुम्हाला जमला. म्हणून गणित आधी आटोपून घेऊ आणि मग बांधावर येऊ.

जागा निघते कशी

२१ मे २००८ रोजी रँडल मन्रो यांनी आपल्या एक्सकेसीडी या ऑनलाइन व्यंगचित्रमालेत ४२६ व्या क्रमांकाचं चित्र टाकलं. त्यात एक रीत दिली होती. तारीख घ्यायची, तिच्यापुढं डाऊ जोन्स या अमेरिकी शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा बाजार उघडतानाचा आकडा जोडायचा आणि ती ओळ एमडी-फाइव्ह नावाच्या सूत्रातून काढायची. हे सूत्र कुठल्याही मजकुराचं बत्तीस खुणांच्या एका ओळीत रूपांतर करतं. पहिल्या सोळा खुणांचा अपूर्णांक केला की अक्षांशाचं दशांश मिळतं, पुढच्या सोळांचा केला की रेखांशाचं. दशांश चिन्हाच्या अलीकडचा पूर्णांक मात्र तुमच्या गावाचा.

चित्रातलाच नमुना घेऊ. तारीख २६ मे २००५, डाऊ १०४५८.६८. ओळ झाली २००५-०५-२६-१०४५८.६८ (संगणकावर ती अर्थात इंग्रजी आकड्यांत लिहायची). तिच्यातून दशांश निघतात ०.८५७७१३ आणि ०.५४४५४३. पुण्याचे पूर्णांक आहेत १८ आणि ७३. ते जोडले की १८.८५७७१३, ७३.५४४५४३, म्हणजे आंदर मावळाच्या बाजूची डोंगराळ जागा. हेच दशांश ४० आणि उणे ७४ ला जोडले तर न्यू जर्सीत उतरतात.

डाऊचा आकडा का? कारण तो आधी कुणालाच ठाऊक नसतो आणि एकदा जाहीर झाला की सगळ्यांना सारखाच मिळतो. कुणालाही स्वतःच्या सोयीची जागा काढता येत नाही. हे गणित तयार नकाशांवर आपोआप होतं, तारीख टाकली की खूण दिसते. तरीही एकदा ते स्वतः करून बघा. आकडा आला कुठून हे माहीत असलं की समोरच्याला समजावताना आवाजात खात्री येते, आणि समजावायची वेळ पहिल्याच मोहिमेत येते.

एक सावधगिरी. 'जिओहॅश' असं शोधलंत तर गुस्ताव्हो नीमायर यांनी त्याच वर्षी, २००८ मध्ये, आणलेली अक्षर-आकड्यांची स्थानलेखन पद्धतही समोर येईल. ती वेगळी, तिचा या छंदाशी संबंध नाही. जिओकॅशिंगही वेगळं. त्यात कुणीतरी डबी लपवलेली असते आणि तुम्ही ती शोधता. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि लगेच ओरेगॉनमध्ये पहिली डबी ठेवली गेली. आमच्याकडे डबी नसते. त्या जागी आधी कुणी गेलेलं नसतं, तिथं काय आहे हे कुणी पाहून ठेवलेलं नसतं. मला हाच भाग आवडतो, पण सगळी जबाबदारीही त्यामुळंच आपल्यावर येते. डबी ठेवणाऱ्यानं निदान जागा पाहिलेली असते. सूत्र काहीच पाहत नाही.

आपली चौकट ओळखा

एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश यांच्या चौकोनाला ग्रॅटिक्युल म्हणतात. मी चौकट म्हणते. प्रत्येक चौकटीत रोज एक हॅशपॉइंट पडतो. आपल्याकडे ही चौकट उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०५ किलोमीटर भरते. क्षेत्रफळ साडेअकरा हजार चौरस किलोमीटरहून थोडं जास्त.

खात्यात काम केलेल्यांना ही चौकट नवी नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाची अंश-पत्रकं, म्हणजे एकेका अंशाच्या चौकोनाचे नकाशे, याच रेषांवर कापलेली आहेत. १८ आणि ७३ ची चौकट म्हणजे तंतोतंत पत्रक ४७ एफ. तिच्या पूर्वेची १८ आणि ७४ ची म्हणजे ४७ जे. घरात जुनं पत्रक असेल तर भिंतीवर लावा, पण त्यावरून थेट जागा काढू नका. जुनी पत्रकं पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट या जुन्या मापावर बेतलेली आहेत आणि फोनचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर. दोन्हींत खूण सरकते.

आपण नेमके कुठल्या चौकटीत राहतो हे पाहिल्यावर अनेकांना आश्चर्य वाटतं. पुणे शहर १८-७३ मध्ये आहे, पण अगदी पूर्वेच्या कडेला. सासवड १८-७४ मध्ये, तेही जेमतेम. मधली रेषा दिवे घाटाच्या आसपासनं जाते. मुंबईचे तर दोन तुकडे होतात. १९ अंशाची रेषा परळच्या जवळून जाते, म्हणून फोर्टात राहणारा १८-७२ मध्ये आणि वांद्र्याचा १९-७२ मध्ये. ठाणे ७२ मध्ये, डोंबिवली ७३ मध्ये. २० अंशाची रेषा नाशिक शहरावरूनच गेली आहे.

म्हणून फक्त स्वतःच्या चौकटीकडं बघू नका. एका दिवसाचे दशांश आपल्याकडच्या सगळ्या चौकटींना सारखेच असतात, त्यामुळं सगळे हॅशपॉइंट एकमेकांपासून एक-एक अंशावर जाळीसारखे पडतात. हडपसरला राहणाऱ्याला १८-७३ चा पॉइंट रोह्याजवळ मिळाला तर १८-७४ चा जेजुरीच्या अलीकडं असू शकतो. महाराष्ट्रात कुठंही राहा, सरळ रेषेत ७७ किलोमीटरच्या आत रोज एक तरी पॉइंट असतोच. आता तो समुद्रात आहे की कड्यावर, हा पुढचा प्रश्न.

दशांश बघून जागेचा अंदाज लावायची सवय करा. १८-७३ मध्ये रेखांशाचं दशांश ०.३५ ते ०.६० च्या दरम्यान आलं की सह्याद्रीची धार जवळपास आहे असं समजावं. तिथं मी रस्ता बघायच्या आधी समोच्च रेषा बघते. त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर तो कडा आहे, तिथं जायचं नाही. १८-७४ मध्ये रेखांश ०.७५ च्या पुढं आणि अक्षांश ०.१० ते ०.३५ मध्ये असेल तर उजनीचं पाणी आहे का ते तपासावं. नकाशा उन्हाळ्यातला असेल तर तो कोरडी जमीन दाखवेल, आणि दिवाळीत तिथं पाणी असेल.

रात्रीचे सात की आठ

नव्या माणसाचा सर्वात जास्त गोंधळ इथं होतो. मूळ रीतीत अडचण अशी होती की न्यूयॉर्कचा बाजार तिथल्या साडेनऊला उघडतो, तोवर आपल्याकडं संध्याकाळ झालेली असते. मग जाणार कधी? म्हणून जिओहॅशिंगच्या मंडळींनी ३० अंश पश्चिम रेखांशाचा नियम केला. त्या रेषेच्या पूर्वेला असलेल्या सगळ्यांनी, म्हणजे युरोप, आफ्रिका, आशियानं, तारीख आजची घ्यायची पण डाऊ आदल्या दिवसाचा.

याचा आपल्याला मोठा फायदा आहे. उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सातला आणि अमेरिकेतली घड्याळं मागं गेल्यावर आठला बाजार उघडतो, आणि त्याच क्षणी उद्याची जागा कळते. रात्रभर नकाशा बघता येतो. शनिवारी आणि रविवारी बाजार बंद, त्यामुळं शुक्रवारचाच आकडा पुढं चालतो. म्हणजे शुक्रवारी रात्री शनिवार, रविवार आणि सोमवार असे तीन दिवसांचे पॉइंट एकदम मिळतात. डाऊ एकच, पण तारीख बदलते म्हणून तिन्ही जागा वेगळ्या.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना ही सोय नाही. त्यांना कामाच्या दिवशी त्याच दिवशी सकाळी बाजार उघडेपर्यंत थांबावं लागतं. शनिवार-रविवार मात्र साऱ्या जगाचे दशांश एकच असतात. एडिसनला राहणारी माझी भाची आणि मी त्या दोन दिवसांत एकाच दशांशाच्या मागं असतो, फक्त पूर्णांक वेगळे. तिकडं रेखांशाला उणे चिन्ह असतं, म्हणून दशांश वाढलं की जागा पश्चिमेला सरकते. इकडं पूर्वेला. फोनवर बोलताना हे लक्षात ठेवावं लागतं.

निघण्याआधीची रात्र

आकडे फोनमध्ये दशांश अंशातच भरा, अंश-मिनिटं-सेकंदात नव्हे. अक्षांश आधी, रेखांश नंतर. पाच दशांश स्थळं पुरेशी आहेत, पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत नेतं, झाडीत किंवा घळीत त्याहून ढिलं. परिसराचा नकाशा उतरवून ठेवा, कारण पुरंदरच्या मागच्या बाजूला आणि मावळात रेंज जाते.

मग उपग्रह-चित्र उघडून जागा ओळखा. हिरवे चौकोन म्हणजे बागायत, तांबूस म्हणजे माळ, गडद गुठळ्या म्हणजे झाडी. जागेपर्यंत जाणारी गाडीवाट किंवा पाणंद शोधा. ॲप दाखवतं ती सरळ रेषा वाट नसते. सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गट नकाशा दिसतो. उपग्रह-चित्राशी तो ताडून बघितला तर जागा गायरानात आहे, वनखात्याच्या हद्दीत आहे की खाजगी गटात, याचा चांगला अंदाज येतो. गायरान असेल तर मन निम्मं हलकं होतं. वन असेल तर वनरक्षकाला विचारावं. ताम्हिणी आणि भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत, तिथं सूत्रानं नेलं म्हणून आत शिरता येत नाही.

काही ठिकाणी जाण्याचा विचारही करू नये. खडकवासल्याची प्रबोधिनी, लोहगावचं हवाईदलाचं क्षेत्र, देहूरोडचा लष्करी भाग, धरणाच्या भिंती, रेल्वेमार्ग. परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांना आणखी एक सांगा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आपल्याकडं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, तिकडून येताना ती घरी ठेवून यावीत.

सामानात पाणी, टोपी, काठी आणि जाड तळव्याचे बूट. काठी कुत्र्यांसाठी लागते, त्याहून जास्त गवतासाठी. आपल्याकडं कठडा नसलेल्या जुन्या विहिरी गवतात लपलेल्या असतात आणि फोनकडं बघत चालणाऱ्या माणसाला त्या दिसत नाहीत. शेवटच्या शंभर मीटरात दहा पावलं चालायचं, थांबायचं, मग फोन बघायचं. चालताना नजर जमिनीवर. डुकरांसाठी लावलेली विजेची तारही याच सवयीनं दिसते. जुन्नर भागात पॉइंट उभ्या उसात पडला असेल तर परत फिरा. बिबट्या उसात पिलं वाढवतो, तिथं शिरण्यात काही शौर्य नाही.

बांधावरचं बोलणं

आता खरी गोष्ट.

पुरंदरमध्ये विमानतळाच्या भूसंपादनाला अनेक गावांनी विरोध केला. जमीन जाईल या धास्तीत वाढलेल्या शिवारात एक अनोळखी बाई हातात यंत्र घेऊन वावराच्या मधोमध उभी राहिली, तर लोकांनी काय समजावं? मोजणीवाली. दलाल. रस्त्याची माणसं. समृद्धी महामार्गाच्या, धरणांच्या, औद्योगिक वसाहतींच्या भागांतही हेच. शेतकऱ्याचा संशय अडाणीपणातून येत नाही. त्याच्या अनुभवात असं यंत्र घेऊन आलेल्या माणसामागून बहुतेक वेळा नोटीस आलेली असते. मी त्या खात्याचीच, मला हे चांगलं ठाऊक आहे.

म्हणून पहिला नियम असा. फोन खिशात ठेवून गावात शिरायचं आणि जागेकडं जायच्या आधी माणूस शोधायचा. पारावर, किराणा दुकानात, दूध संकलनाच्या इथं कुणीतरी भेटतंच. वावरात माणूस काम करत असेल तर लांबूनच हाक द्यावी, बांध ओलांडू नये. नमस्कार करावा, स्वतःचं गाव सांगावं. आपल्याकडं गाव सांगितल्याशिवाय ओळख सुरू होत नाही.

माझं बोलणं साधारण असं असतं.

"राम राम मामा. मी सासवडची. हे वावर तुमचंच का?"

"हो. काय मोजणी आलीये का?"

"नाही मामा, मोजणी-बिजणी काही नाही. एक खेळ आहे. रोज कॉम्प्युटर कुठली तरी एक जागा काढतो, लॉटरी लागल्यासारखी. आज तुमच्या वावरात निघाली. तिथं जाऊन एक फोटो काढायचा आणि परत यायचं."

"आन त्याचं काय मिळतं?"

"काही नाही. चालणं होतं, माणसं भेटतात."

इथं बहुतेक मामा हसतात. काही जण म्हणतात, "जा की मग, कांद्यातनं जाऊ नका तेवढं." काही जण आपणहून वाट दाखवतात. एखादा नाही म्हणतो. नाही म्हटलं की नाही. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, "दोनच मिनिटं" म्हणायचं नाही. पाणी पिऊन, नमस्कार करून निघायचं.

माझ्या वयाच्या बाईला "ताई" किंवा "मावशी" म्हणून गावात चटकन सामावून घेतात. तरुण पोरांना ते सोपं जात नाही, म्हणून त्यांना माझा सल्ला असा: चौघं-पाच जण गाड्या घेऊन एकदम जाऊ नका. दोघांनी बोलायला जावं, बाकीच्यांनी रस्त्यावर थांबावं. ड्रोन तर अजिबात उडवू नये. आणि बोलताना "जीपीएस", "कोऑर्डिनेट", "सर्व्हे" हे शब्द टाळा, सर्व्हे तर मुळीच नको. "खेळ" म्हणा. खेळ म्हटलं की लहान मुलं पुढं येतात, आणि मुलं आली की मोठ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. मी फोन एखाद्या मुलीच्या हातात देते आणि सांगते, हे दोन आकडे जुळेपर्यंत चालत राहा. पॉइंट तीच शोधते. एका माळावर मेंढपाळाच्या पोरीनं तो इतक्या पटकन शोधला की तिच्या आजीनं तिला दुसऱ्यांदा शोधायला लावलं.

पीक उभं असेल तर बांधानं फिरून जा, मधून नाही. भातखाचरात पाय टाकू नका, मावळात आषाढात रोप लावलेलं असतं आणि एकेक चूड हातानं लावलेला असतो. अंजिराला आणि सीताफळाला फळ असेल तर बागेत एकटं जाऊ नका, मालकाला बरोबर घ्या. पॉइंट ज्वारीच्या आत बारा मीटरवर असेल तर बांधावर थांबा आणि नोंदीत लिहा, पोचले नाही. त्यात कमीपणा काही नाही. या मंडळींत न पोचलेल्या मोहिमाही पोचलेल्यांइतक्याच मन लावून लिहिल्या जातात, आणि न पोचण्याची कारणं वेगवेगळी नोंदवलेली असतात: निसर्गानं अडवलं, वाट नव्हती, यंत्र बंद पडलं.

मंडळींची भाषा

वाचताना काही शब्द वारंवार येतील. जाण्याच्या प्रयत्नाला एक्स्पिडिशन म्हणतात, मी मोहीमच म्हणते. मोहीम यशस्वी धरायची तर त्याच तारखेला, मध्यरात्रीच्या आत, जीपीएस जेवढी चूक दाखवतं तेवढ्या अंतरात पोचायला हवं. तारीख उलटल्यावर गेलात तर तो रेट्रो, तो वेगळा मोजतात. लहान मुलांना आणि नव्या माणसांना सवय करायला रेट्रो फार चांगला, घाई नसते. वाढदिवसाच्या तारखेचा पॉइंट काढून द्या, मुलं कुठंही चालायला तयार होतात.

ग्लोबलहॅश म्हणजे रोज साऱ्या पृथ्वीसाठी निघणारी एकच जागा. त्यात पूर्णांक आपला नसतो, तेच अपूर्णांक पूर्ण १८० आणि ३६० अंशांवर ताणले जातात. बहुतेक दिवशी ती समुद्रात असते. मी रोज बघते मात्र.

मोहिमांना मानचिन्हं असतात. कुठल्याही चौकटीत सर्वांत आधी पोचणाऱ्याला व्हर्जिन ग्रॅटिक्युल. हे आपल्याकडं अजून मिळू शकतं. युरोपात, विशेषतः जर्मनीत, मंडळी खूप आहेत आणि चौकटी भरून गेल्या आहेत. महाराष्ट्रात आतल्या जिल्ह्यांत जिओहॅशिंगचं नावही फारसं पोचलेलं नाही. स्वतःच्या चौकटीसह भोवतालच्या आठही चौकटींत पोचलं की माइनस्वीपर, संगणकावरच्या त्या जुन्या खेळावरून. माझ्यासाठी यात ४७ जे आणि तिच्या आजूबाजूची आठ पत्रकं येतात, आणि आयुष्यभर कपाटातून काढलेली ती पत्रकं पायाखाली घालण्यात मला फार समाधान आहे. फक्त बस-रेल्वेनं पोचलं तर पब्लिक ट्रान्सपोर्ट. हे एसटीच्या राज्यात सहज जमतं, फक्त परतीची शेवटची गाडी कंडक्टरला उतरतानाच विचारून घ्या. सायकलनं गेलं तर बायसिकल. पावसात चिंब झालात तर ड्राउन्ड रॅट, ते जुलैत लोणावळ्याच्या बाजूला मागायला जावं लागत नाही. कुंपणानं किंवा पाटीनं अडवलं तर नो ट्रेसपासिंग हे सांत्वनाचं बक्षीस.

आणि ॲम्बॅसडर. जागेच्या मालकाशी किंवा तिथल्या लोकांशी बोलून, त्यांना खेळ समजावून, त्यांच्या संमतीनं पोचणाऱ्याला ते मिळतं. बाकीची मानचिन्हं मिळाली नाहीत तरी चालतील, हे सोडू नका. परदेशातले लोक याला विशेष मानतात, कारण तिथं अनेक मोहिमा रिकाम्या रानात होतात आणि कुणी भेटतच नाही. आपल्याकडं माणूस भेटणार नाही अशी जागाच विरळ. म्हणून आपल्याकडची प्रत्येक मोहीम ॲम्बॅसडरची व्हावी असं मला मनापासून वाटतं.

पोचल्यावर फोनच्या पडद्याचा आकड्यांसह फोटो काढतात आणि एक स्वतःचा, तोंडभर हसताना. त्याला स्टुपिड ग्रिन म्हणतात. सूत्रानं नेलेल्या त्या कुठल्याही खास नसलेल्या जागी उभं राहिलं की हसू आपोआप येतं. काही जण "इंटरनेट इथं येऊन गेलं" अशा अर्थाची चिठ्ठी जमिनीवर ठेवून फोटो काढतात. फोटो झाला की ती उचला. दुसऱ्याच्या वावरात आपला कागद राहता कामा नये.

शनिवार, दुपारी चार

भेटण्याची ठरलेली वेळ सगळ्या जगात एकच, शनिवारी दुपारी चार, ज्याच्या-त्याच्या गावच्या घड्याळानं. आगाऊ कळवायची गरज नाही. त्या वेळी पॉइंटवर कुणी असेल तर ओळख होईल. आपल्याकडं बहुतेक वेळा दुसरं कुणी नसतं, म्हणून सुरुवातीला स्वतःची मंडळी स्वतः जमवावी लागते. ट्रेकिंगवाले, सायकलवाले, पक्षी बघणारे, भूगोलाचे शिक्षक, यांतले दोघं जण मिळाले तरी पुरे. उन्हाळ्यात चारची वेळ कडक असते, पाचला निघालं तरी तारीख तीच राहते. बायकांनी पहिल्या मोहिमेला एकटं जाऊ नये असं मी सांगते. भीती घालायची नाही मला, पण दोघी असल्या की एक फोन बघते आणि दुसरी लोकांशी बोलते, काम सोपं होतं.

परत आल्यावर त्याच रात्री टिपण लिहा. जिओहॅशर्सच्या विकीवर तारीख आणि चौकट यांच्या नावानं पान करता येतं. कसं गेलो, वाटेत काय दिसलं, कोण कोण होतं, किती मीटरवर थांबलो, हे लिहावं. मराठीत लिहिलंत तरी चालतं, चार ओळी इंग्रजीत जोडल्या की बाकीच्यांना कळतं. पिकं लिहा, पाण्याची पातळी लिहा, कुठली पाणंद बुजली आहे ते लिहा. पुढच्या वर्षी त्याच शिवारात जाणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

पण शेतमालकाचं नाव लिहू नका, गट क्रमांक लिहू नका, त्यांच्या घराचा किंवा मुलांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. अक्षांश-रेखांश तर जाहीर असतातच, त्यांना नाव जोडलं की ती नोंद वेगळीच होते. फोटो टाकायची परवानगी मिळाली असेल तर एक प्रत त्यांना फोनवर पाठवा. फोन नसेल तर छापून, पुढच्या वेळी त्या बाजूला पॉइंट पडला की सोबत घेऊन जा.

पुढचा पॉइंट बघायचा असेल तर आज वार कुठला आहे ते बघा. शुक्रवार असेल तर सातनंतर बसा, तीन दिवसांचं एकदम मिळेल.